सरळ दाराची वाकडी वाट

कपाटाला सरकते दरवाजे असावेत, या मागणीत वरवर पाहता काहीच वावगे नाही. बिजागऱ्या नकोत, उघडलेल्या दाराला समोर मोकळी जागा नको, बेसावध कपाळाला टेंगूळ नको; वर एक खाच, खाली एक खाच आणि मध्ये दोन दारे, एवढाच काय तो पसारा. ही दोन दारे एकमेकांच्या मागेपुढे सरकतात आणि त्यांच्यामध्ये जेमतेम ३ मिलिमीटरची फट असते, हे मात्र मागणी करणाऱ्यांच्या गावीही नसते. त्या फटीचा मान राखायचा तर दार जन्मभर सरळ राहिले पाहिजे, आणि सरळ राहणे हा लाकडाचा स्वभाव नाही.

झाड तोडून, चिरून, वाळवून, रंधून त्याची फळी केली, तरी हवेतला ओलावा पिण्याची आणि सोडण्याची सवय लाकडाला सुटत नाही. लांबीच्या बाबतीत ते सज्जन असते: पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंतही रेष्यांच्या दिशेने हजारात एक-दोन भागच आखडते. रुंदीत मात्र ४० सेंटिमीटरची फळी दमट आणि कोरड्या दिवसांमध्ये सहज ३ ते ५ मिलिमीटरने कमी-जास्त होते. गंमत अशी, की सरकत्या दाराला या फुगण्याचे सोयरसुतक नसते. रेषे उभे ठेवले की उंची जागची हलत नाही, आणि रुंदी वाढलीच तर एक दार दुसऱ्यावर थोडे अधिक चढते, इतकेच. खरे संकट बाकाचे आणि पिळाचे. कपाटाच्या आतली कोंदट हवा आणि बाहेरची मोकळी हवा यांच्यामध्ये उभी असलेली फळी एका अंगाने जास्त फुगते, हळूच पोट काढते आणि शेजारच्या दाराला खेटते.

म्हणून अखंड फळीचा मोह आवरून मी थरांचे दार करायला घेतले: मधोमध १२ मिलिमीटरचे प्लायवुड आणि दोन्ही अंगांना चांगल्या लाकडाचा सुमारे २ मिलिमीटरचा पातळ थर. प्लायवुडमध्ये थरांची संख्या सहसा विषम असते आणि प्रत्येक थराचे रेषे शेजारच्या थराशी काटकोनात असतात. एकमेकांशी न पटणारे सोयरे एकाच सतरंजीवर दाटीवाटीने बसवावेत, म्हणजे कोणालाच पाय पसरता येत नाहीत, असा हा हिशेब आहे. बाहेरचा थर पातळच हवा, कारण तो जाड झाला की सरसाचे ऐकेनासा होतो. त्याचे रेषे उभे, तर त्याखालच्या प्लायवुडच्या वरच्या थराचे रेषे आडवे असावे लागतात. प्लायवुडचा मोठा तुकडा कापताना ही दिशा जपायची, तर शिल्लक राहणारे तुकडे अशा मापाचे उरतात की त्यांचे नेमके काहीच होऊ शकत नाही.

इथून समानतेचा जाच सुरू झाला. दाराच्या पुढच्या अंगाला जे लावाल, तेच मागच्या अंगालाही लावले पाहिजे: त्याच लाकडाचे, त्याच जाडीचे, त्याच दिशेचे आणि तितकेच वाळलेले. एकाच अंगाला थर चिकटवला, तर तो सरसातले पाणी पिऊन आधी फुगतो, मग वाळताना आखडतो आणि दाराला आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे फळी उभी चिरून तिचे पातळ थर काढताना जे सर्वांत देखणे निघाले, त्यांतले निम्मे कपाटाच्या अंधाऱ्या बाजूला द्यावे लागले. "अरे, आतली बाजू कोण पाहणार आहे?" असे वडिलांनी विचारले, तेव्हा "लाकूड पाहते, बाबा," एवढेच उत्तर मला देता आले. त्यांनी माझ्याकडे ज्या काळजीने पाहिले, ती दाराविषयी नव्हती.

सरस लावण्याची घटका हे या कामातले सर्वांत अपमानास्पद प्रकरण होय. पांढरा सरस पसरायला घेतला की पहिला कोपरा सुकू लागतो, तोवर शेवटचा कोपरा कोरडाच असतो. शिकंजे कितीही जमवले तरी ते कडेलाच पकड घेतात, आणि दाराच्या पोटावर दाब यावा म्हणून मध्यभागी किंचित फुगीर केलेल्या जाड पट्ट्या आडव्या घालाव्या लागतात. याला पर्याय निर्वात पिशवीचा: दार पिशवीत घालून पंपाने हवा काढली, की बाहेरची हवाच दर चौरस मीटरला सुमारे ८ टनांचा दाब देते. जन्मभर फुकट वाहिलेले हे ओझे एकदा तरी कामी येते, या विचाराने मला फार समाधान झाले. दाबाखालून काढलेले दार भिंतीला टेकवून ठेवायची सोय मात्र नाही, कारण एका अंगाला हवा लागली आणि दुसऱ्याला नाही, की ते तिथेच रुसते. पट्ट्यांवर आडवे ठेवून त्याला खालून-वरून सारखा वारा द्यावा लागतो. पॉलिशचेही तेच: पुढे तीन हात, तर मागेही तीन हात.

खाचांचे काम त्यामानाने सोपे आहे. खालची खाच ६ मिलिमीटर खोल, वरची १२. दार आधी वरच्या खाचेत पूर्ण सारायचे आणि मग खालच्या खाचेत अलगद सोडायचे. खाचेत मेण घासले की दार बोटाने सरकते. माझी दारे दमट दिवस आणि कोरडे दिवस दोन्ही पाहून झाली आणि अजून एकमेकींना शिवलेली नाहीत. अडचण एवढीच आहे की दोन सरकत्या दारांचे कपाट एका वेळी अर्धेच उघडते आणि हवी ती वस्तू नियमाने उरलेल्या अर्ध्यात असते. त्यामुळे घरातल्या मंडळींनी वरच्या खाचेच्या खोलीचा उपयोग चटकन ओळखला आहे: ती दार सरकवण्याच्या भानगडीत न पडता ते उचलून बाहेर काढतात आणि सरळ भिंतीला टेकवून ठेवतात.