युनिटासचा हात

आज एकांकडे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला होता. चिप्सचा बकाणा भरून एक जण म्हणाला, "कोट्यवधी मिळतात लेकांना. मग गुडघे गेले की रडतात कशाला?" पाहुणा होतो, गप्प बसलो. पण बाल्टिमोरात बसून हे बोलायचं?

या गावाचा फुटबॉलमधला देव जॉनी युनिटास, पास टाकणारा खेळाडू. पाच वर्षांचा असताना बाप गेला, आईने कोळशाचा धंदा चालवून पोरं वाढवली. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. मग बांधकामावर राबायचं आणि सामन्याला ६ डॉलर घेऊन खेळायचं. पुढच्याच वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी घेतलं. १९५८ ची फायनल बरोबरीत अडकली, जादा वेळ द्यावा लागला. पठ्ठ्याने पासवर पास टाकत संघ पुढे नेला, २३-१७ ने जिंकले. सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा पास! तो विक्रम २०१२ पर्यंत टिकला.

आणि तोच उजवा हात म्हातारपणी मिटेना. गोल्फ खेळायचा तर डाव्या हाताने उजव्याची बोटं काठीभोवती वळवायची, वर पट्टा बांधायचा. हे सामने भरवणाऱ्या लीगकडे अपंगत्वाचे पैसे मागितले तर नकार. अर्ज पंचावन्नच्या आत करायला हवा होता म्हणे. अरे, हात साठीत गेला ना त्याचा!

माझ्या बाबांची दोन बोटं कारखान्यात प्रेसखाली गेली. त्यांनाही कुठलासा फॉर्म उशिरा भरल्याचं सांगितलं होतं. शाळेत जायच्या आधी त्यांच्या शर्टाचं गळ्याचं बटण मी लावायचो. ते मान वर करून छताकडे बघत राहायचे. माझ्याकडे कधीच नाही.

हो, युनिटासचे धंदे बुडाले, दिवाळं निघालं, त्यात लीगचा दोष नाही. मान्य. आणि त्याच्या काळात कोट्यवधी नव्हते, हेही त्या चिप्सवाल्याला कुणीतरी सांगा. पुतळा मात्र उभारलाय स्टेडियमबाहेर, ब्राँझचा, पास टाकायच्या पवित्र्यात.

जाऊ दे. तो ११ सप्टेंबर २००२ ला व्यायाम करता करता गेला.

चिडून लिहायला बसलो होतो, मधेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ. अंघोळ करून बसले होते, गळ्याचं बटण उघडंच.

"आई कुठंय?"

"देवळात गेलीय. आली की लावेल."