विकणारे आफ्रिकन होते, म्हणून घेणारे सुटत नाहीत

एक मजकूर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: गुलामगिरी आफ्रिकेत आधीपासूनच होती, आफ्रिकन राजांनीच आपल्या भाऊबंदांना विकलं, युरोपियनांनी फक्त पैसे मोजले, अरबांनी त्याहून जास्त माणसं नेली, उलट इंग्रजांनीच ही प्रथा बंद केली. तेव्हा गोऱ्यांना दोष देणं थांबवा. आणि आपला तर या भानगडीशी काही संबंधच नाही.

यातली काही विधानं खरी आहेत, म्हणूनच उत्तर सविस्तर द्यायला हवं. १६व्या शतकापासून १९व्या शतकापर्यंत अंदाजे सव्वा कोटी आफ्रिकन माणसं अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. दोनचार खऱ्या गोष्टी पुढे करून एवढ्या माणसांचा हिशेब बंद करून टाकणं मला मान्य नाही.

‘राजांनीच विकलं.’ हो, विकलं. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याचा राजा अगाजा याने १७२७ मध्ये उईदा हे बंदर जिंकलं आणि पुढे त्या राज्याचा खजिना युद्धकैदी विकून भरत राहिला. आजच्या घानातल्या असांते राज्याने विकले, आजच्या नायजेरियातल्या आरो व्यापाऱ्यांनी विकले. त्यांना माफी द्यावी असं मी म्हणणार नाही. पण ‘भाऊबंदांना’ हे खोटं आहे. दाहोमीच्या सैन्याने ज्या गावावर धाड घातली ते गाव त्यांच्या लेखी शत्रूचं होतं; आपण सगळे एक, ही भावना तेव्हा तिथे नव्हती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या, तेव्हा तिथल्या रयतेलाही हे आपले भाऊबंद आले आहेत असं वाटलं नव्हतं. ज्यांना पकडलं गेलं, त्यांनी कोणालाच विकलं नव्हतं. मजकूर मात्र विकणारा राजा आणि विकली गेलेली पोर यांना एकाच नावाखाली घालून दोघांनाही सारखंच जबाबदार धरतो.

‘युरोपियनांनी फक्त पैसे मोजले.’ हे विधान तर सुरुवातीपासूनच कोसळतं. ऑगस्ट १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ आफ्रिकन कैदी उतरवले गेले. ते विकत घेतलेले नव्हते. पोर्तुगीज जहाजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर छापे घालून त्यांना पकडून आणलं होतं. त्यांतला पाचवा हिस्सा राजपुत्र हेन्रीचा. त्या वेळच्या पोर्तुगीज बखरकारानेच लिहून ठेवलं आहे की वाटण्या करताना मुलांना बापापासून आणि नवऱ्यांना बायकांपासून तोडलं गेलं. पुढे किनाऱ्यावरच्या राज्यांनी छाप्यांना शस्त्रांनी उत्तर दिलं, तेव्हा कुठे पोर्तुगीज व्यापाराकडे वळले. अंगोलात तर त्यांनी स्वतः लढाया केल्या. १६१८ नंतर लुआंडाच्या पोर्तुगीज गव्हर्नरने इम्बांगाला या लढाऊ टोळ्यांना हाताशी धरून शेजारचं न्दोंगोचं राज्य उद्ध्वस्त केलं आणि हजारो माणसं जहाजांवर चढवली. १६१९ मध्ये व्हर्जिनिया या उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीच्या किनाऱ्यावर पोचलेले पहिले वीसेक आफ्रिकन याच धामधुमीत पकडलेल्यांपैकी होते.

आणि ज्या आफ्रिकन राजांनी विरोध केला, त्यांचं काय? काँगोचा राजा आफोन्सो ख्रिस्ती झालेला होता, पोर्तुगालचा मित्र होता. त्याने स्वतःही गुलाम विकले होते. १५२६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली: तुमचे व्यापारी रोज आमची माणसं पळवतात, सरदारांची मुलं, आमचे नातेवाईकसुद्धा, देश ओस पडतो आहे. आम्हाला पाद्री आणि शिक्षक पाठवा, व्यापारी नकोत. व्यापार थांबला नाही. ब्राझीलचे उसाचे मळे उभे राहिले तसा तो वाढतच गेला. किनाऱ्यावर बंदुका आणि दारूगोळा येत राहिला, आणि ज्या राजाकडे बंदुका नाहीत त्याची प्रजा शेजारच्या राजाचं सावज झाली. मागणी कुठून येत होती, जहाजं कोणाची, विमा कोणाचा, साखर कोणाच्या घरात जात होती, हे प्रश्न मजकुरात येतच नाहीत.

‘गुलामगिरी तर आधीपासूनच होती.’ होती, आणि ती सौम्य होती असंही म्हणता येणार नाही. दाहोमीत कैद्यांचे बळी दिले जात. पण अनेक ठिकाणी गुलामाची मुलं-नातवंडं हळूहळू त्या घराण्यात सामावून जात. अमेरिकेतल्या वसाहतींनी जे उभं केलं ते निराळं होतं, आणि त्याचे कायदे आजही वाचता येतात. बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरच्या इंग्रज वसाहतीने १६६१ मध्ये गुलामांसाठी स्वतंत्र कायदा केला. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये ठरवलं की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गुलाम बाईचं पोर जन्मतःच गुलाम, मग बाप मळ्याचा गोरा मालक का असेना. या कायद्याने बलात्कारातूनही मालकाची मालमत्ता वाढण्याची सोय झाली. असा कायदा कुठल्या आफ्रिकन राजाने त्यांना करून दिला नव्हता.

१७८१ मध्ये जमैकाकडे निघालेल्या झाँग या ब्रिटिश जहाजावरच्या खलाशांनी पाणी कमी पडल्याचं कारण सांगून १३० हून अधिक जिवंत माणसं समुद्रात फेकली. लिव्हरपूलच्या मालकांनी दर माणसामागे ३० पौंड विमा मागितला. लंडनमध्ये खटला उभा राहिला तो विम्याच्या रकमेसाठी. खुनाचा खटला कोणावरच चालला नाही.

‘अरबांनी जास्त नेली.’ सहारा, तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर या वाटांनीही लाखो माणसं नेली गेली, तीही हजारभर वर्षांहून अधिक काळ. पुरुषांचं खच्चीकरण झालं, बायका जनानखान्यांत गेल्या. इराकमध्ये ८६९ साली झंज, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या, गुलामांनी बंड केलं ते चौदा वर्षं चाललं. हा गुन्हा तितकाच खरा आहे, पण त्याने दुसऱ्या गुन्ह्याची रक्कम कमी होत नाही. अटलांटिकपार नेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं एकट्या १८व्या शतकातली आहेत. इथे कोणी मलिक अंबरचं नाव काढतं: लहानपणी विकला गेलेला हबशी मुलगा निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मग गुलामगिरी इतकी वाईट कशी? एक मलिक अंबर झाला म्हणून घरातून तोडून आणलेल्या बाकीच्यांचं दुःख पुसलं जात नाही. मात्र त्याची मुलगी निजामशहाच्या घरात दिली गेली. पुढे व्हर्जिनियात उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत असं घडणं अशक्य होतं.

‘इंग्रजांनी बंद केली.’ गुलामांचा व्यापार बंद करणारा १८०७ चा कायदा आणि नंतर ब्रिटिश नौदलाने अडवलेली जहाजं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण १८०७ पर्यंत ब्रिटिश जहाजांनी तीस लाखांहून अधिक माणसं वाहून नेली होती. आणि त्याआधीच हैती या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीच्या गुलामांनी स्वतः बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला होता. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम शार्पच्या नेतृत्वाखाली हजारो गुलाम उठले. शार्पला फाशी झाली आणि वर्षभराने लंडनच्या संसदेने गुलामगिरी संपवणारा कायदा केला. त्यासोबत २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती मालकांना. गुलामांना एक पैही नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे शिकाऊ म्हणून फुकट राबावं लागलं. त्या भरपाईच्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये केली.

‘आपला संबंध नाही.’ पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई, त्यात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं सुती कापड मोठ्या प्रमाणात होतं. जुन्या गोव्याच्या रुआ दिरेता या रस्त्यावर मोझांबिकहून आणलेल्या माणसांचे लिलाव होत. पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता एका कच्छी पेढीकडे होता. आणि नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांचं एक आफ्रिकन वसतिगृह होतं. समुद्रात अडवलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मरण पावलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश शोधप्रवाशाचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता.

शेवटी मजकूर विचारतो: मग जबाबदार कोण? प्रत्येक जण आपापल्या वाट्यापुरता. विकणाऱ्यांच्या वाट्याची कबुली आफ्रिकेतून आलीही आहे: १९९९ मध्ये बेनिनचे, म्हणजे जुन्या दाहोमीच्या भूमीचे, राष्ट्राध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीयांसमोर क्षमा मागितली. नेदरलँड्सच्या राजाने ती १ जुलै २०२३ रोजी मागितली. हैतीकडून मात्र फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, आपले मळे आणि गुलाम गमावल्याची भरपाई म्हणून. रक्कम नंतर ९ कोटींवर आणली गेली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते हैतीची लेकरं १९४७ पर्यंत भरत होती.