वकील कशाला, आपला भाऊ आहे ना!

नाना, पोऱ्याला परदेशी धाडायचं पक्कं झालं ना? मग आधी कोणी इमिग्रेशन वकिलाचा नंबर दिला असेल तर तो मोबाइलमधून काढून टाका. ही माणसं शुभ बोलतच नाहीत. फी किती ते पहिल्याच भेटीत सांगतात, लेखी करार पुढे सरकवतात आणि वर म्हणतात, "व्हिसा मिळेलच असं मी सांगू शकत नाही." स्थळ घेऊन आलेला मध्यस्थ असं बोलला तर आपण त्याला चहा तरी पाजू का? त्यापेक्षा स्टँडसमोरच्या जिन्यावरचा आपला व्हिसा एजंट भाऊ बरा. तुम्ही बूट काढेपर्यंत तो म्हणतो, "काम व्हई गयं समजा, नाना." भिंतीवर सहा देशांचे झेंडे लावलेत. त्यातला एक उलटा टांगलाय, पण आपल्याला कुठे झेंडावंदन करायचंय!

जळगावात तोळाभर सोनं घेताना तुम्ही हॉलमार्क बघता, घडणावळीवरून अर्धा तास हुज्जत घालता. बैलाचे दात बघता. एक एकर घ्यायचं तर सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. ही खोड घरी ठेवून या. लायसन्स विचारलं की भाऊला वाईट वाटतं. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर माणूस तिथला वकील तरी असावा लागतो, नाहीतर तिथे नोंदणी झालेला सल्लागार. त्याचं नाव घरबसल्या यादीत तपासता येतं. भाऊला हे ठाऊक आहे, म्हणून तर तो अर्जावर स्वतःचं नाव कुठेच येऊ देत नाही. केवढा हा संकोच! आखातात कामाला लावणाऱ्या एजंटालाही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच मर्यादा आहे. भाऊ दोन लाखांच्या वर घेतो, पण तो सेवा देतच नाही. तो सेटिंग करतो.

वकिलाकडचा खरा छळ कागदांचा. तुमचा जन्म १ जूनचा, पोऱ्याच्या आईचा १ जूनचा, काकाचाही १ जूनचाच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना अख्खी गल्ली एका दिवसात जन्माला घातली, त्यात आपलं काय चुकलं? पण वकील चष्मा पुसून पुन्हा वाचतो. पोऱ्याच्या जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं 'मुलगा'. बारसं मागून झालं, आणि कपाशीची वेचणी सोडून नगरपालिकेत परत जातो कोण? आईचं नाव दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. 'पाटील'चं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर एक, पासपोर्टवर दुसरं. वकील म्हणतो, दाखल्यावर नाव चढवून आणा, प्रतिज्ञापत्र करा, गॅझेटमध्ये द्या. म्हणजे दोन-तीन महिने तालुक्याला चकरा! भाऊकडे हेच काम एका रात्रीत होतं. सकाळी दाखला हातात, शिक्क्याची शाई अजून ओली. बँकेत ठेव दाखवायची? तीही तोच "दाखवतो". हे उघडकीला आलं तर कॅनडा ५ वर्षं दार लावतो, ब्रिटन १० वर्षं, आणि अमेरिकेत हा डाग जन्मभराचा. एवढ्या लांब मुदतीची गॅरंटी कुठला वकील देईल?

बरं, पोऱ्या एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, अमेरिकेत पोचलाच, तरी वकिलाचं रडगाणं संपत नाही. नोकरीवरची ग्रीन कार्डं, म्हणजे तिथे कायम राहायचे परवाने, कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. भारत असो की आइसलंड, पंगतीत पान एकच. त्यामुळे आपली रांग वर्षानुवर्षांची. अर्जाची एक तारीख असते, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, आणि त्यातली तारीख कधी कधी चक्क मागे जाते. रावेरच्या केळीचा भाव पडावा तशी. एच-१बीची सहा वर्षं संपताना मुदत कशाच्या जोरावर वाढवून घ्यायची, नोकरी बदलताना ती तारीख कशी जपायची, असलं किचकट काहीतरी वकील सांगत बसतो. भाऊ एवढंच म्हणतो, "वर आपला माणूस शे." वर म्हणजे कुठे, ते विचारू नका. त्याने बोट छताकडे केलं होतं.

सही तेवढी कोऱ्या अर्जावर करून टाका. वाचत बसलात तर वरखेडीची गाडी चुकेल.

आणि उद्या समजा जिन्यावर कुलूप दिसलं, फोन लागेना झाला आणि नाइलाजाने वकिलाची पायरी चढावी लागली, तर तो पहिलंच विचारेल, "अर्जात काय भरलं होतं? त्याची प्रत? पैशांची पावती?" गांगरू नका. पावती आहे आपल्याकडे. भाच्याच्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे, पेन्सिलीनं: 'नाना – २,४०,००० – जमा.' सही नाही, तारीख नाही. वर 'श्री' मात्र ठसठशीत काढलाय.