गीझरातले गार पाणी

गेल्या सोमवारी सकाळी साडेसहा वाजता माझ्या पाठीवर जे पाणी पडले, ते चहाला चालले असते. डोक्याला साबण लावून झाला होता, डोळे मिटलेले होते, आणि एका हाताने चाचपडत मी आधी डावीकडचा नळ फिरवला, मग उजवीकडचा, मग पुन्हा डावीकडचा. दोन्हीकडून सारख्याच निष्ठेने वाफाळते पाणी येत राहिले. शेवटी दारामागच्या टॉवेलने फेस पुसून मी ऑफिसला गेलो आणि दिवसभर मानेवरचा वाळलेला साबण खाजवत बैठकांना बसलो. या गोष्टीला आठवडा झाला, पण माझा राग अजून पुरता निवलेला नाही. दुबईत जुलै महिन्यात कोणतीच गोष्ट लवकर निवत नाही.

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या गच्चीवर आहेत आणि गच्ची दिवसभर उन्हात असते, त्यामुळे मे महिना सरता सरता गार पाण्याच्या नळाला गरम पाणी येऊ लागते. तेव्हा इथले जाणते रहिवासी गीझरचे बटण बंद करतात. गीझर फ्लॅटच्या आत, बाथरूमच्या छतापाशी, म्हणजे एसीच्या राज्यात असतो. त्यात अडकलेले पाणी हळूहळू निवते आणि सकाळी गरम पाण्याच्या नळातून गार पाणी मिळते. तांबड्या खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम, ही उलटी व्यवस्था ऑक्टोबरपर्यंत चालते. हा साठा थोडा असल्यामुळे आमच्या घरी त्याचे रेशनिंग आहे. सकाळी मी, मग पत्नी, आणि उरलेच तर कन्या. लहानपणी डोंबिवलीत पाणी जाईल म्हणून आम्ही बादल्या भरून ठेवत असू. इथे पाणी चोवीस तास असते, पण ते सकाळपर्यंत निवावे म्हणून आम्ही रात्री बादल्या भरून ठेवतो. समुद्राचे खारे पाणी उपसून, त्यातले मीठ काढून, एवढा अवाढव्य खटाटोप करून या शहराने वाळवंटात पाणी आणले, आणि शेवटच्या शंभर फुटांत एका टाकीने त्याचा काढा करून टाकला, याचे मला दरवर्षी नव्याने वाईट वाटते. कमोडशेजारच्या जेट स्प्रेला गीझरचा आधार नसतो, एवढेच सांगून तो विषय मी सभ्यतेखातर सोडतो. दुपारी तिथे एकदा गाफील बसलेला माणूस पुन्हा कधी गाफील बसत नाही.

या टाकीबद्दल मी इमारतीच्या व्यवस्थापनाकडे तीन वेळा तक्रार केली आहे. तिन्ही वेळा चोवीस तासांच्या आत माझ्या मोबाइलवर संदेश आला, की पाणीपुरवठा सुरळीत असल्याचे आढळल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा वॉचमन, त्या मानाने प्रामाणिक आहे. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "साहब, सूरज की कंप्लेंट मैं किधर डालूँ?"

आता मूळ गुन्ह्याकडे येतो. पत्नीचे नागपूरचे मामा पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आले आहेत. ते जुलैत आले, कारण जुलैचे तिकीट स्वस्त मिळाले. ते स्वस्त का मिळाले, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सोमवारी नाश्त्याच्या वेळी त्यांनी मोठ्या समाधानाने माझ्याकडे पाहिले.

"जावईबापू, तुमच्या इथं गीझर बंदच होता ना जी. मी पाच वाजताच लावून दिला. म्हटलं, एवढा मोठा साहेब, अन् थंड्या पाण्यानं आंघोळ करून राहिला."

"मामा, पाणी गार राहावे म्हणूनच आम्ही तो बंद ठेवतो."

"काय गार राहावं म्हणून?"

"पाणी."

"गीझरमधलं?"

"हो."

मामांनी पोह्यांचा चमचा बशीत ठेवला. आपल्या भाचीला कोणत्या घरात दिले आहे, याचा ते नव्याने अंदाज घेत असावेत. मग अतिशय हळुवार आवाजात, आजारी माणसाशी बोलावे तसे, त्यांनी विचारले, "मंग गरम पाण्यासाठी काय, फ्रिज?"

पत्नी ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी कागद घेऊन टाकी, गच्ची, सूर्य आणि गीझर यांची आकृती काढून दाखवली. मामांनी ती चष्मा वर करून बारकाईने पाहिली आणि सूर्य फार लहान काढला आहे, असा अभिप्राय दिला. त्यांनी जे केले ते प्रेमाने केले होते, त्यामुळे मला रागावण्याचीही सोय नव्हती. शिवाय गीझरचे काम पाणी गरम ठेवणे हे असल्यामुळे, एकदा तापलेले पाणी तो इमानाने धरून ठेवतो. त्या दिवशी रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही आम्ही तिघांनी बादलीत बर्फाचे खडे टाकून आंघोळी केल्या. मामांनी मात्र थेट शॉवरखाली तासभर आंघोळ केली आणि पाणी झकास असल्याचे सांगितले.

त्यांची खरी अडचण अशी आहे, की दुबईला उन्हाळा असतो हेच त्यांना मान्य नाही. मी उकाड्याबद्दल तोंड उघडले, की ते २०१३ सालच्या मे महिन्यावर येतात. त्या महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि त्यात मामांचा वैयक्तिक वाटा असावा अशा थाटात ते तो आकडा सांगतात. रोज सकाळी ते माझ्या मोबाइलवर इथले तापमान पाहतात आणि "त्रेचाळीस? फक्त?" असे म्हणून मोबाइल परत देतात. मला या 'फक्त'चा विलक्षण राग येतो. तक्रार करणे हा उकाड्यातला एकमेव फुकटचा विसावा असतो, आणि माझ्याच पाहुण्याने माझ्याच घरी, माझ्या खर्चाने चाललेल्या एसीखाली पांघरूण घेऊन बसून तो काढून घ्यावा, हे फार झाले.

मंगळवारी त्यांनी मला तोडगा सुचवला. "एक डेझर्ट कूलर बसवून टाका. एसीचं बिल काहून भरून राहिले? नावातच डेझर्ट आहे बाप्पा त्याच्या."

या क्षणाची मी वाट पाहत होतो. कूलरची गंमत बाष्पीभवनात असते. ओल्या गवताच्या ताट्यांमधून कोरडी हवा गेली, की पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. नागपूरची मेमधली हवा हाडासारखी कोरडी असते, म्हणून तिथे कूलर घर वाचवतो. दुबई मात्र समुद्राकाठी आहे आणि त्या उथळ, तापलेल्या आखातावरून येणारी जुलैची हवा आधीच एवढी भिजलेली असते, की तिला आणखी पाणी पाजले तर खोलीत फक्त चिकचिक वाढते. म्हणजे डेझर्ट कूलर नागपुरात चालतो आणि दुबईत चालत नाही, हे मी त्यांना वीस मिनिटे समजावून सांगितले. इतका विजयी मी बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो.

"मंग हे डेझर्ट कशाचं?" मामा म्हणाले, आणि विजय माझ्या हातातून गेला.

शुक्रवारी माझे ऑफिस अर्धा दिवस होते. घरी येतो तो मामा डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून दारात उभे होते. त्यांना मेट्रो पाहायची होती, आणि ती भर दुपारी, पायी जाऊन पाहायची होती. आम्ही इमारतीच्या काचेच्या दारातून बाहेर पडलो आणि मामा जागच्या जागी थांबले. त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

"जावईबापू, मला दिसून नाही राहिलं."

"मामा, चष्मा."

"दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला होता ना जी. वापस आला का?"

एसीत गार झालेल्या काचांवर बाहेरच्या दमट हवेतली वाफ बसते आणि चष्मा क्षणात पांढरा होतो. इथे चष्मेवाले लोक दारातून बाहेर पडल्यावर दोन मिनिटे आंधळ्यासारखे उभे असतात. वर्षानुवर्षे उभे राहून मला त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला, तर तो पुन्हा पांढरा झाला. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्यांना रस्ता दिसला. तोवर त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

बस थांब्याच्या वातानुकूलित खोलीत आम्ही दम घ्यायला बसलो. समोर एका इमारतीचे बांधकाम शांत होते. क्रेन थांबली होती आणि माणसे सावलीला आडवी झाली होती. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी असते, हे मी सांगितले. पारा पन्नासवर गेला की काम थांबवावे लागते आणि म्हणून सरकारी आकडा कधी पन्नास दाखवत नाही, ही इथली जुनी अफवाही सांगितली, आणि नियम पाऱ्यावर नसून घड्याळावर आहे हेही सांगितले.

"अन् पारा मोजतात कुठं?"

"सावलीत. पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. सगळ्या जगात तसेच मोजतात."

मामा समोर पाहत राहिले. रस्त्यापलीकडे पाठीवर खोके बांधलेला एक डिलिव्हरीवाला सिग्नलला मोटारसायकलवर उभा होता, आणि त्याच्यावर सावली अशी कशाचीच नव्हती. कोणाच्या तरी थंडगार घरी तो जेवण घेऊन निघाला असणार. मागच्या शुक्रवारी याच वेळी मीही मागवले होते, आणि ते दहा मिनिटे उशिरा आले म्हणून एक तारा कमी दिला होता.

"ऊन काही नाही," मामा बऱ्याच वेळाने म्हणाले. "ऊन आमचंच जास्त. पण हवा ओली ठेवून राहिले हे लोक. ही चीटिंग आहे." एवढी कबुली मला पुरेशी होती. मेट्रो त्यांनी पाहिली नाही. कांदा बस थांब्यावरच राहिला.

त्या संध्याकाळी मी गीझरच्या बटणावर रुंद चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर 'हात लावू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहिले. आतल्या खोलीत मामा नागपूरला फोनवर बोलत होते, आणि त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे दोन भिंती ओलांडून येत होता.

"सोय काय विचारून राहिली तू! दोन्ही नळांना गरम पाणी, चोवीस तास. अन् जावयाची हुशारी पाहा, विजेचा एक पैसा लागत नाही."