गांडूळ, हापूसचं पान आणि न जुळलेला हिशोब

सप्रेम नमस्कार,

रॉडनी क्वेल या इंग्रज बायोकेमिस्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. मग चार दिवस आमच्याकडे विजेचा लपंडाव चालला होता, उत्तर लिहिताच आलं नाही. बरंच झालं.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. या माणसाने मिथेनॉल (विषारी दारूतलं अल्कोहोल) खाणाऱ्या जंतूंमागे पंचवीस-तीस वर्षं घालवली, तरी कोडं पुरतं सुटलं नाही. त्या विद्येवर उभा राहिलेला कारखाना बंद पडला. मिथेनॉल विष असताना जंतू ते खातात हे तुम्हाला पटत नाही. लेखात एक चूकही आहे. आणि शेवटी, ‘आम्हा कोकणातल्या बागायतदारांना याचं काय? त्यापेक्षा आंब्यावरच्या थ्रिप्सवर (फुलकिड्यांवर) लिहा.’

चुकीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेच्या रेणूला जोडणारं वनस्पतींतलं एन्झाइम ‘क्वेल यांनी शोधलं’ असं मी सरसकट लिहून गेलो. १९५४ सालच्या त्या निबंधावर क्वेल, फुलर, बेन्सन आणि कॅल्विन अशी चार नावं आहेत, आणि प्रयोगशाळा कॅलिफोर्नियात कॅल्विन यांची होती. लेखातलं वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता विषाबद्दल. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. पण मारतं ते मिथेनॉल स्वतः नव्हे. आपलं यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि तिथे आपली गाडी अडते. फॉर्मिक आम्ल वेगाने जाळून टाकण्याची सोय माणसात नाही. ते साचतं, आणि डोळ्यांची नस आधी जाते. (म्हणून तर डॉक्टर अशा रुग्णाला साधं अल्कोहोलही देतात. यकृतातलं तेच एन्झाइम त्यात गुंतून राहतं आणि मिथेनॉलला हात लावत नाही.) जंतूंकडे पुढची पायरी आहे. फॉर्माल्डिहाइड तयार होताक्षणी झेललं जातं, थोडं शरीर बांधायला, उरलेलं फॉर्मिक आम्लावाटे जाळून ऊर्जेला. जे आपल्याला आंधळं करतं ते त्यांचं रोजचं जेवण आहे.

आणि इथेच तुमचा ‘इंग्रज’ जरा घराजवळ येतो. कॅलिफोर्नियाहून परतल्यावर क्वेल ऑक्सफर्डला बायोकेमिस्ट हान्स क्रेब्ज यांच्या विभागात लागले. तिथे त्यांनी फॉर्मिक आम्लावर वाढणारा जो जंतू घेतला, त्याचं नाव स्युडोमोनास ऑक्झलॅटिकस. तो आला कुठून? भारतातल्या गांडुळाच्या आतड्यातून! खंबाटा आणि भट या दोघांनी १९५३ साली त्याचं वर्णन छापलं होतं. नावातलं ऑक्झलेट तुमच्या परसातही आहे. अळूने घशाला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांनी, म्हणून तर आपण फदफद्यात चिंच घालतो. हा जंतू ऑक्झलेटही खातो आणि फॉर्मिक आम्लही.

क्वेल यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. फॉर्मिक आम्लासारखा एकाच कार्बनचा रेणू खाऊन जंतू मोठा होतो, म्हणजे कुठेतरी कार्बनला कार्बन जोडला जातोच. ती पहिली गाठ कुठे पडते?

बागायतदाराला हे सांगणं सोपं आहे. समजा मुंबईला दोनशे पेट्या धाडल्या आणि त्यांतल्या दहांना तांबडा रंग फासला. माल उतरल्यावर लगेच बाजारात फिरलात, तर रंगवलेली पेटी ज्या गाळ्यावर दिसेल तोच माल पहिल्यांदा घेणारा. तासाभराने गेलात तर ती सगळीकडे पसरलेली असेल. क्वेल यांनी रंगाऐवजी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरला. जंतूंना तो चारायचा, काही सेकंदांतच उकळत्या अल्कोहोलमध्ये टाकून त्यांना आहे तिथे थांबवायचं, आतली रसायनं कागदावर वेगवेगळी पसरायची आणि एक्स-रे फिल्मवर डाग कुठे उमटतो ते पाहायचं. गांडुळातल्या जंतूत, फॉर्मिक आम्लावर वाढताना, डाग हिरव्या पानात उमटतो तिथेच उमटला. म्हणजे हा अंधारातला जीव फॉर्मिक आम्ल आधी जाळून कार्बन डायऑक्साइड करतो आणि मग पानासारखा तो बांधतो. त्यालाच ऑक्झलेट दिलं की ही यंत्रणा बाजूला पडते आणि वेगळी वाट सुरू होते.

मग मिथेनॉलचंही असंच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. मिथेनॉलसाठी त्यांच्याकडे एक गुलाबी जंतू होता, हवेतून माध्यमात पडून आपला आपण वाढलेला. पील आणि क्वेल यांनी १९६१ साली त्याची नोंद केली, नाव एएम-१. त्यात डाग पानाच्या जागी उमटलाच नाही. तो उमटला सेरीन या अमिनो आम्लात. दोन कार्बनच्या ग्लायसीनला फॉर्माल्डिहाइडचा एक कार्बन जोडला की तीन कार्बनचं सेरीन होतं. निसर्गात आणखी एक रस्ता निघाला होता. पुढे शेफील्डला गेल्यावर मिथेन खाणाऱ्या जंतूंत तिसरा सापडला, तिथे फॉर्माल्डिहाइड पाच कार्बनच्या साखरेला चिकटतो. त्यातून निघणारी साखर कोणती हे त्यांच्या गटाने आधी चुकीचं सांगितलं होतं. ते नंतर दुरुस्त झालं.

आता तुमचा खरा आरोप, कोडं न सुटल्याचा. सेरीनच्या चक्रात ग्लायसीन खर्च होतं, ते परत कुठून तरी यायला हवं. ते करण्याची तेव्हा माहीत असलेली वाट ज्या एन्झाइमवर चालते, ते एएम-१ मध्ये शोधूनही मिळेना. क्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळत नाही असंच छापलं.

माझे वडील आंब्याच्या वहीत पाठवलेल्या पेट्या एका बाजूला आणि मुंबईहून आलेली पट्टी (विक्रीचा हिशोब) दुसऱ्या बाजूला लिहीत. एका साली अकरा पेट्यांचा मेळ बसेना. ‘नासाडी’ म्हणून खर्ची टाकल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं. त्यांनी त्या आकड्याला तांबड्या पेन्सिलीने गोल केला आणि वही तशीच ठेवली. दोन हंगामांनी ट्रकवाल्याच्या भांडणातून कळलं की पेट्या दुसऱ्याच गाळ्यावर उतरल्या होत्या. गोल केला नसता तर तेव्हा कुणाला आठवलं असतं?

क्वेल यांच्या वहीतला तांबडा गोल चाळीस वर्षांहून जास्त टिकला. २००७ साली जर्मन संशोधकांनी एका प्रकाशसंश्लेषी जंतूत पूर्णपणे नवीन वाट दाखवली आणि २००९ साली तीच एएम-१ मध्ये असल्याचं सिद्ध झालं. क्वेल २००६ मध्येच गेले होते. तुम्ही याला अपयश म्हणता. मी म्हणत नाही. पण हळहळ मलाही वाटते, ती कबूल करतो.

कारखान्याबद्दल फार लिहीत नाही. आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने इंग्लंडात बिलिंगहॅमला पंधरा लाख लिटरच्या टाकीत मिथेनॉलवर जंतू वाढवून जनावरांचं खाद्य केलं. सोयाबीन स्वस्त पडलं आणि मिथेनॉल महाग. भाव पडला म्हणून कलमं वाईट होती असं आपण म्हणतो का? क्वेल स्वतः तोवर बाथ विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते.

राहिलं कोकण. खाडीच्या चिखलाचा वास म्हणजे मिथेन, असं तुम्ही ओघात लिहिलं आहे. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, मिथेनला वासच नसतो. पाणी तुंबलेल्या भातखाचरात मात्र मिथेन तयार होतो आणि हवेत निसटण्याआधी त्यातला काही भाग भाताच्या मुळांपाशी बसलेले जंतू खातात. पुण्याच्या आघारकर संस्थेत आपल्याकडच्या भातशेतीतले असे जंतू वेगळे काढले गेले आहेत.

आणि मिथेनॉल तर तुमच्या बागेत प्रत्येक पानातून निघतं. पान वाढताना पेशींच्या भिंतीतल्या पेक्टिनमधून ते सुटतं आणि पानावर बसलेले गुलाबी जंतू, एएम-१ चे भाऊबंद, ते पितात. हे मी वाचलेलंच सांगत नाही. गेल्या श्रावणात चायना ग्रास, थोडे क्षार आणि चमचाभर मिथेनॉल एवढंच घालून बशा केल्या, कुकरमध्ये शिट्ट्या काढून. (मिथेनॉल मागाहून घालायचं, नाहीतर उडून जातं. आणि शेगडी विझवूनच.) हापूसचं पान वर दाबलं. नुसती बुरशी आली. श्रावणात कोकणात चपलेलाही बुरशी येते, हे मला आधी सुचायला हवं होतं! पौषात पुन्हा केलं. सहाव्या दिवशी बशीत पानाच्या आकाराची गुलाबी रांगोळी उमटली होती, मधली शीरसुद्धा ओळखू येत होती. सौभाग्यवतींनी बशी उकळून परत मागितली, एवढंच कौतुक झालं.

तामिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने पाण्याचा ताण पडलेल्या पिकांवर याच गुलाबी जंतूंची फवारणी सुचवली आहे. म्हणून लगेच बाटली आणू नका, आंब्यासाठी आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारा. थ्रिप्सवरही तिथलीच माणसं लिहोत, तो माझा विषय नव्हे.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही चिपळूणच्या अलीकडचे दिसता. माघात एखाद्या रविवारी या. येताना फवारणी न झालेल्या झाडाची दोन-तीन जून पानं आणा, देठासकट. बशा तयार ठेवतो, या वेळी माझ्या स्वतःच्या.