पळसाला पानं शून्य

"वसंतातली रानफुलं बघायला चल," असं बायको म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कास पठार आलं. घोट्याएवढी निळी-गुलाबी फुलं, आपण वाकायचं, फोटो काढायचा, भाजलेलं कणीस खायचं, घरी यायचं. कास हा सप्टेंबरातला मामला आणि आपण मार्चमध्ये आहोत, एवढा बारीक तपशील तेवढा सुटला.

कर्जतहून खांडसला पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. इथून भीमाशंकरला दोन वाटा चढतात, शिडी घाट आणि गणेश घाट. "आपण गणेश घाटाने थोडंसंच वर जाऊ," असं सरांनी सांगितलं आणि मी मनातल्या मनात एकवीस मोदक कबूल केले. सर म्हणजे आमच्या गटाचे वनस्पतितज्ज्ञ. गळ्यात दुर्बीण, खिशात भिंग, तोंडात लॅटिन. मी खाली बघत चालू लागलो. वाळकं गवत, धुरळा, पाचोळा, कुणीतरी टाकलेली वेफर्सची पिशवी. अर्ध्या तासाने धीर सुटला. "सर, फुलं कुठायत?"

सरांनी काही न बोलता तर्जनी आभाळाकडे केली.

सह्याद्रीतला वसंत जमिनीवर उतरतच नाही, तो झाडांच्या डोक्यात जातो. अकरा वाजेपर्यंत माझ्याही गेला. फूल म्हणून जे काही होतं ते तीस-चाळीस फुटांवर, मागे सूर्य, आणि माझी मान गेली सतरा वर्षं कॉम्प्युटरपुढे एकाच कोनात गोठलेली.

"ओळखा," सर म्हणाले. समोर लालभडक, बिनपानांचं झाड. आमची शाळेपासूनची एकच पुंजी, पळसाला पानं तीन. पण फुलांच्या भरात पळसाला पानं शून्य! वर, पांगाऱ्यालाही पानं तीनच, आणि तीही या दिवसांत गळलेली. म्हण करणाऱ्याचं पांगाऱ्याने काय घोडं मारलं होतं, कळत नाही. "मग काटे बघायचे," असं मी हुशारीने म्हणालो, तर काटे पांगाऱ्याला आहेत आणि काटेसावरीला तर नावातच आहेत. मी "पळस" म्हणालो. ती सावर निघाली. पुढच्या झाडाला "सावर" म्हणालो, तो पांगारा. तिसऱ्याला मी गप्प बसलो. तोच पळस होता.

पळसाचं लॅटिन नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मला वाटलं, ब्युटीवरून असणार. नाही. १७६२ साली ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या ब्यूटच्या अर्लला झाडाफुलांचा नाद होता, त्याच्यावरून. आपल्याकडे बघा, संस्कृतात याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट की काय?' वाटेवर पडलेलं एक फूल उचललं आणि प्रश्न पटला. काळपट मखमली देठातून शेंदरी पाकळी हुबेहूब चोचीसारखी वळलेली, वर रेशमी लव. तेवढ्यात थप्प आवाज झाला. सावरीचं एक जाडजूड फूल थेट माझ्या टोपीवर. "भेकरं खातात ही पडलेली फुलं," सर कौतुकाने म्हणाले. त्या क्षणी मी भेकर असतो तर बरं झालं असतं, नाश्ता तरी झाला असता.

मग धायटी आली, जमिनीलगत! लहान लहान लाल नळ्या, आतला मध चोखता येतो. करवंदीची पांढरी फुलंही नाकाच्या उंचीवर होती. मी खूश. पण सरांनी पुन्हा वर बोट केलं, उक्षीचा फिक्या हिरव्या फुलोऱ्याचा वेल झाडभर पसरला होता. मी मान मागे टाकली, पाय मुळात अडकला, आणि तोल सावरायला हाताला लागेल ते धरलं.

लागलं ते फार सुंदर होतं. शेंगांचा घोस, सोनेरी मखमलीचा. दोन सेकंद मी तो कुरवाळलाही.

तिसऱ्या सेकंदाला खाज सुटली. तळवा, मनगट, मग (घाम पुसल्यामुळे) मान आणि कपाळ. मी वाटेवर जे काही केलं त्याला गटातल्या एका मुलाने 'होळीचा नाच' म्हटलं. बायकोने बाटलीतलं पाणी ओतून हात खसाखसा चोळला, तशी खाज कोपरापर्यंत चढली. मोळी घेऊन उतरणारी एक मावशी थांबली. "चोळू नको दादा, आजून पसरंल. कुयलीये ती. शेण लाव." मग तिनेच डोक्यावरची मोळी उतरवली आणि वाटेवरचं ताजं शेण शोधून माझ्या हाताला कोपरापर्यंत थापलं. सकाळपासून जमिनीवर काहीतरी मिळावं म्हणून मी आसुसलेलो होतो, ते असं मिळालं.

सर तोवर शेंगेवर भिंग धरून बसले होते. "खाजकुयली! म्युक्युना प्रुरिएन्स. प्रुरिएन्स म्हणजे खाज आणणारी."

दिवसभरात सरांनी चाळीसेक लॅटिन नावं सांगितली असतील. दुसऱ्या दिवशी बायकोने वहीत लिहायला म्हणून विचारली, तेव्हा मला एकच आठवलं, स्पेलिंगसकट.