विमानतळाचे कॅमेरे ‘नेटवर्क’वर, म्हणजे इंटरनेटवर नव्हे

‘विमानतळावर नेटवर्कवाले कॅमेरे बसले की आतलं चित्रण कोणीही घरबसल्या बघू शकतो,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. इथे नेटवर्क म्हणजे सहसा विमानतळाचं स्वतःचं, इंटरनेटपासून वेगळं ठेवलेलं जाळं. जुने कॅमेरे लगेच भंगारात जातात असंही नाही. त्यांची जाडसर कोअ‍ॅक्सियल केबल एन्कोडर नावाच्या यंत्राला जोडली की तेच चित्र डिजिटल होऊन पुढे जातं. नव्या कॅमेऱ्याला एकाच लॅन केबलमधून वीजही मिळते आणि चित्रही त्यातूनच जातं. अंतर १०० मीटरच्या वर गेलं तर बहुधा फायबर टाकतात.

भीती मात्र अगदीच हवेतली नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. ते थेट इंटरनेटला जोडलेले होते.